बारा दिवस, नऊ देश आणि एक विसावा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात मी माझ्या युरोपच्या प्रवासाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी ना लेखक, ना वक्ता. छत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकविला आणि निवृत्त झालो, एवढेच माझे भांडवल. जे पर्वत आणि ज्या नद्या आयुष्यभर छडीने नकाशावर दाखविल्या, त्या एकदा डोळ्यांनी पाहाव्यात ही इच्छा मात्र मनात होती. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला अनेक ज्ञातींत प्रायश्चित्त घेतल्यावाचून पंक्तीला बसू देत नसत. आज आपण त्यालाच श्रीफळ देऊन व्यासपीठावर बसवितो. काळ पालटला हे चांगलेच झाले. परंतु प्रायश्चित्त घ्यावे असे एक कृत्य या प्रवासात माझ्या हातून खरोखरच घडले आहे. ते सांगितल्यावाचून हे वर्णन पुरे व्हावयाचे नाही. ओघात ते येईलच.

सन २०२३ च्या मे महिन्यात आम्ही तिघे निघालो : मी, माझी पत्नी आणि माझ्या वहिनी. मी नऊ वर्षांचा असताना आमची आई गेली. तेव्हापासून मला वाढविले ते या वहिनींनी. दादा रेल्वेत भुसावळला नोकरीस होते. त्यांच्या क्वार्टरच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचे चित्र कित्येक वर्षे टांगलेले होते. बर्फाच्या डोंगरापुढून जाणारी एक तांबडी आगगाडी. ती स्वित्झर्लंडमधील युंगफ्राऊची गाडी, हे दादांनी कोठून तरी शोधून काढले होते, आणि “निवृत्त झाल्यावर आपण त्या गाडीत बसू,” असे ते वहिनींना म्हणत. दादा निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत गेले. वहिनींनी ते चित्र जपून ठेवले. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या झाल्या तेव्हा मुलाने पैसे पाठविले आणि म्हटले, “काका, आता आईला घेऊन जा.”

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावयाचे होते. वहिनींचे ठसे यंत्राला काही केल्या उमटेनात. पन्नास वर्षे राख-वाळूने भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झाल्या होत्या. तेथील मुलीने चार वेळा बोटे पुसून घेतली, तेव्हा कोठे काम झाले. “भाऊजी, हा देशसुद्धा मला आत घ्यायला मागेपुढे पाहतो आहे,” असे त्या हसून म्हणाल्या.

मार्गदर्शकाबरोबर घोळक्याने फिरण्याची ही पद्धत तशी जुनी आहे. थॉमस कुक नामक गृहस्थाने ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसे एक शिलिंग घेऊन आगगाडीने नेली. ती दारूबंदीच्या सभेला जाणारी माणसे होती. त्या छोट्या सहलीतून पुढे जगभर पसरलेला मोठा धंदा उभा राहिला. त्याने काढलेली कंपनी २०१९ मध्ये बुडाली, परंतु पद्धत राहिली. एकाने झेंडी धरावयाची आणि चाळिसांनी तिच्यामागे धावावयाचे.

आमच्या सहलीत चव्वेचाळीस जण होतो. बारा दिवसांत फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, लिख्टेनश्टाइन, ऑस्ट्रिया, इटली आणि व्हॅटिकन असे नऊ देश व्हावयाचे होते. पहाटे साडेपाचला खोलीतील दूरध्वनी खणखणे. सहाला सामान दाराबाहेर, साडेसहाला न्याहारी, साडेसातला बस. रात्री परतावयास नऊ-दहा वाजत. पुन्हा पेटी भरावयाची, कारण उद्याचे गाव निराळे. भोजन मात्र वेळेवर आणि आपल्याकडचे मिळे. फक्त पॅरिसलाही राजमा-पनीर आणि ॲमस्टरडॅमलाही राजमा-पनीर! पाचव्या दिवशी आम्ही मेतकुटाची पुडी सोडली, तेव्हा आजूबाजूच्या चार बाकांवरून हात पुढे आले.

आनंद मिळाला नाही असे मी म्हणणार नाही. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून संध्याकाळी सीन नदीचे वळण पाहिले, तेव्हा पत्नीने माझा हात धरला. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने चारचौघांत असे प्रथमच केले. आणि मला स्वतःला सर्वांत मोठा आनंद झाला तो ऱ्हाइन नदीचा. नेदरलँड्समध्ये तिचे मुखाजवळचे फाटे पाहिले, कोलोनला तिचे रुंद पात्र पाहिले, पुढे शाफहाउझेनजवळ तेवीस मीटर उंचीवरून कोसळणारा तिचा प्रपात पाहिला आणि लिख्टेनश्टाइनजवळ ती पुन्हा भेटली. वर्गात जी नदी मी उगमापासून मुखापर्यंत शिकविली, ती मी मुखाकडून वर वाचीत गेलो. हे सुख मी कधी विसरणार नाही.

परंतु या धावपळीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आमचा बसचालक पोलंडचा होता. साडेचार तास गाडी हाकली की तो किमान पाऊण तास थांबेच. दिवसाला सामान्यतः नऊ तासांहून अधिक गाडी चालविणे त्याला मना होते. युरोपीय संघाचा तसा कायदाच आहे, आणि गाडीतील यंत्र त्याची मिनिटामिनिटाची नोंद ठेवते. ‘पाहा, किती सुधारलेला देश!’ असे आम्ही एकमेकांस म्हटले. पण चालक विश्रांती घेत असताना आम्ही काय करीत होतो? आम्ही त्या पाऊण तासात स्वच्छतागृहाच्या रांगेत उभे होतो, चहा शोधीत होतो, छायाचित्रे काढीत होतो. सारथ्याच्या विश्रांतीला कायदा आहे. प्रवाशाच्या विश्रांतीला कोणीही वाली नाही.

आता ती गोष्ट सांगतो. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही कोलोनला पोहोचलो. तेथील प्रचंड देवालयाचे बांधकाम १२४८ मध्ये सुरू झाले आणि १८८० मध्ये संपले, म्हणजे सहाशे बत्तीस वर्षे. त्याच्या दर्शनाला आम्हांला मिळाली चाळीस मिनिटे! वहिनींची पावले तोवर सुजली होती. त्या स्वच्छतागृह शोधीत गेल्या, वाट चुकल्या आणि परत येईतो पंचवीस मिनिटे उशीर झाला. बसमध्ये कुजबुज सुरू झाली. “वयस्कर माणसांना आणावे कशाला?” असे कोणीतरी मागून म्हणाले. वहिनी धापा टाकीत पायरी चढल्या, आणि मी सर्वांच्या देखत म्हणालो, “वहिनी, तुमच्यामुळे चव्वेचाळीस माणसे खोळंबली. जरा भान ठेवा!”

त्या काही बोलल्या नाहीत. जागेवर जाऊन बसल्या. मलाही क्षणभर लाज वाटली, पण ‘बरे झाले, शिस्त लागेल’ असेच मी मनाशी म्हटले. आणि शिस्त लागली! त्या दिवसापासून वहिनी सर्वांच्या आधी बसमध्ये असत. टूर मॅनेजरने त्यांचे कौतुकही केले. ही शिस्त त्यांनी कशी साधली, हे विचारण्याचे मात्र मला सुचले नाही.

सातव्या दिवशी युंगफ्राऊयोखला जावयाचे होते. इंटरलाकेनजवळच्या आमच्या मुक्कामाची उंची पावणेसहाशे मीटरांच्या आसपास. वरचे स्थानक ३,४५४ मीटरांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. ग्रिंडेलवाल्डहून २०२० पासून सुरू झालेल्या पाळण्याने आणि नंतर दातेरी रुळांवरून चढणाऱ्या गाडीने माणूस आज पाऊण तासात तेथे पोहोचतो. सोय मोठी; परंतु शरीराला विरळ हवेची सवय व्हावयास सवड मिळत नाही.

गाडी तांबडीच होती. वहिनी खिडकीशी बसल्या. थोड्याच वेळात गाडी बोगद्यात शिरली आणि बोगदा काही संपेना. डोंगराच्या पोटातून तो सुमारे सात किलोमीटर जातो. “भाऊजी, चित्रात तर गाडी बाहेर होती,” त्या म्हणाल्या. टूर मॅनेजरने या मार्गाची हकीकत सांगितली. आडोल्फ ग्वायर-झेलर यांनी हा मार्ग कल्पिला. काम १८९६ मध्ये सुरू झाले, ते स्वतः १८९९ मध्ये वारले, आणि गाडी वरपर्यंत पोहोचली १९१२ मध्ये. वहिनी ऐकत होत्या. “म्हणजे त्यांनाही बसायला मिळाले नाही,” एवढेच त्या म्हणाल्या.

वर उतरून शंभर पावले गेलो असू. समोर काचेतून आलेचची हिमनदी दिसत होती. आल्प्समधील ती सर्वांत लांब हिमनदी. मी भूगोलाचा शिक्षक, तिच्याकडे पाहतच राहिलो. मागे वळलो तेव्हा वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता, ओठ कोरडे झाले होते. तेथील कर्मचारी चाकांची खुर्ची घेऊन धावत आले, त्यांनी प्राणवायू दिला आणि पहिल्या गाडीने आम्हांला खाली धाडले. खालच्या डॉक्टरांनी तपासून विचारले, “यांनी पाणी किती घेतले?” पत्नीने वहिनींना विचारले. बऱ्याच वेळाने उत्तर आले : कोलोनपासून त्या दिवसभर पाणी पीत नव्हत्या. पाणी प्यायले तर स्वच्छतागृह शोधावे लागते, त्यात वेळ जातो, आणि माणसे खोळंबतात.

श्रोतेहो, मला ज्यांनी वाढविले त्या माउलीला मी तीन दिवस तहानलेले ठेवले होते. तेही कशासाठी? अनोळखी चाळीस माणसांत माझी प्रतिष्ठा राहावी म्हणून!

दुसऱ्या दिवशी सहल ल्युसर्नला आणि आणखी एका हिमशिखरावर गेली. आम्ही तिघे मागे राहिलो. पैसे भरले होते, ते बुडाले. आणि मी आपणांस सांगतो, त्या बारा दिवसांतील खरा युरोप आम्ही पाहिला तो त्या दिवशी. आरे नदीच्या काठी एका बाकावर आम्ही दुपारपर्यंत बसलो. पिवळी टपालाची बस आली नि गेली. दप्तरे पाठीला लावून मुले शाळेतून घरी गेली. एका उतारावर बाप-लेक गवत कापीत होते. एक वृद्ध बाई काठी टेकीत आली आणि वहिनींशेजारी बसली. तिला आमची भाषा येईना, आम्हांला तिची. तिने आपला गुडघा दाखवून तोंड वाकडे केले, वहिनींनी आपला दाखविला, आणि दोघी पोट धरून हसल्या. मग वहिनींनी बटव्यातून घडी घातलेले ते कॅलेंडरचे चित्र काढून तिला दाखविले. वर ते काढावयाचे राहूनच गेले होते. त्या बाईने चित्राकडे पाहिले, डोंगराकडे बोट केले आणि मान हलविली. वहिनींनीही मान हलविली. माझ्या पत्नीने डिंकाचा लाडू तिच्या हातावर ठेवला.

संध्याकाळी सहल परतली, तेव्हा सर्वांनी प्रथम वहिनींची चौकशी केली. कोलोनला ज्यांचा आवाज मी ऐकला होता, त्याच गृहस्थांनी पुढची जागा त्यांच्यासाठी रिकामी केली. टूर मॅनेजर पंचविशीतला मुलगा. तो रात्री खोलीवर आला आणि म्हणाला, “आजी, मला आधी सांगायचे होते.” त्याच्याही डोळ्यांत झोप साठलेली होती. आमच्याही आधी तो उठे आणि आमच्यानंतर निजे. त्या पोराला मी दोष देत नाही. फार काय, कंपनीलाही सगळा दोष देता येणार नाही. कमी दिवसांत अधिक देश आपणच मागतो. परत आल्यावर ‘किती देश झाले?’ असे आपणच विचारतो. जे मागू तेच विकावयास येणार!

पुढे व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स आणि रोम झाले. जेथे वहिनींना झेपेल तेथे त्या आल्या. नाही तेथे आम्ही पाळीपाळीने त्यांच्याजवळ बसलो. व्हॅटिकनच्या विशाल चौकात बर्निनीने उभारलेल्या स्तंभांच्या सावलीत मी त्यांच्यासह तासभर बसलो होतो. संग्रहालय माझे पाहावयाचे राहिले. त्याची रुखरुख मला लागली नाही.

आपणांपैकी अनेकांची मुले आज परदेशी आहेत, आणि ती आईवडिलांना मोठ्या प्रेमाने अशा सहलीला धाडतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. देश किती, हे विचारण्यापूर्वी बसमध्ये तास किती आणि एका गावी रात्री किती, हे विचारा. निघण्यापूर्वी डॉक्टरांना प्रवासातील उंचीची कल्पना द्या. वडील माणसांनीही आपले दुखणे झाकू नये. पाण्याची आणि स्वच्छतागृहाची लाज तर मुळीच बाळगू नये. आपल्याला हे नवे शिकावयाचे आहे असेही नाही. आळंदीहून पंढरपूरची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट ज्ञानोबांची पालखी अडीच-तीन आठवड्यांत चालते. वाटेत ठरलेले विसावे असतात. पुण्यास आणि सासवडास तर दोन-दोन रात्री मुक्काम असतो. देवाची पालखी जेथे थांबते, तेथे थांबण्यात माणसाला कमीपणा कसला? आपल्या मंडळाने ज्येष्ठांसाठी अशी संथ, विसाव्याची सहल योजावी, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे ठेवतो. तिच्यात सर्वांच्या मागे चालण्याचे काम मी स्वतः करीन.

शेवटी, प्रारंभी म्हटलेले प्रायश्चित्त. मी वहिनींना चव्वेचाळीस माणसांच्या देखत बोललो होतो. खोलीत एकट्याने क्षमा मागून ते फिटावयाचे नाही. त्या आज येथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि ही हकीकत मी त्यांच्या अनुमतीनेच सांगितली आहे. आपणां सर्वांच्या समक्ष मी त्यांची क्षमा मागतो. त्यांनी अनुमती देताना एकच अट घातली होती : “भाऊजी, भाषण लांबवू नका. माणसे खोळंबतात.”

ती अट पाळून मी माझे भाषण संपवितो.