मुलीचा होकार
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



निकाहच्या वेळी वकील आणि दोन साक्षीदार मुलीकडे जातात, मेहेरची रक्कम सांगतात व कबुली विचारतात. पण तोवर मांडव पडलेला असतो, पाहुणे आलेले असतात. त्या घडीला मुलगी 'नाही' कशी म्हणणार? आणि जिथे 'नाही' म्हणण्याची सोय नाही, तिथे 'हो'ला किंमत ती काय?

संमतीची अट आपल्याला परकी नाही. खन्सा बिन्त खिदाम यांचे पूर्वी एकदा लग्न झालेले होते. वडिलांनी त्यांचा दुसरा निकाह मर्जीविरुद्ध लावला. त्यांनी दाद मागितली, तेव्हा पैगंबरसाहेबांनी (स.) तो निकाह रद्द ठरवला. ही हदीस सहीह बुखारीत आहे. कुमारिकेचीही परवानगी घ्यावी, असे हदीस सांगते. तिचे मौन होकार मानले, ते तिच्या लाजेची कदर म्हणून. भीतीने बसलेल्या दातखिळीला होकार म्हणता येणार नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९६२ च्या करारात तीनच मुख्य गोष्टी आहेत : दोघांची मुक्त व पूर्ण संमती, कायद्याने ठरवलेले किमान वय आणि विवाहाची नोंद. ज्या महिला आयोगात या कराराचा मसुदा झाला, त्याच्या १९४७ मधील पहिल्या सभासदांत भारताच्या बेगम शरीफा हमीद अली होत्या. भारत या करारात सामील नाही. तरी आपल्या देशात १९७८ च्या दुरुस्तीने मुलीसाठी १८ व मुलासाठी २१ वर्षे ही मर्यादा आली आणि २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने तीच ठेवली. विवाहनोंदणीसाठी महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा आहे.

वयाची अट कशासाठी? नववी-दहावीतली मुलगी वडिलांच्या शब्दापुढे बोलू शकत नाही, म्हणून.

आपल्या मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा पट्ट्यात कुवेत-दुबईहून रजेवर आलेल्या मुलाचे स्थळ येते आणि रजा संपण्याआत सारे उरकायची घाई होते. पालकहो, रजा त्याची आहे, जन्म तुमच्या मुलीचा आहे. शब्द देण्यापूर्वी आईने तिला एकटीला विचारावे. ती 'नाही' म्हणाली, तर घरात कोणी तिच्यावर रागावू नये. मुलाच्या मर्जीचीही अशीच विचारपूस व्हावी.

मुलींनो, मनात असेल ते वेळेवर आईला, फुफीला, शिक्षिकेला सांगा. वय भरण्याआधी लग्न ठरत असेल तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. गावात ग्रामपंचायत अधिकारीही (पूर्वीचे ग्रामसेवक) आहेत. पण ती वेळ येऊ न देणे हे आम्हा वडीलधाऱ्यांचे काम आहे.