शाळा बरी कोणती?



यंदा मला दिलेला विषय आहे, खासगी शाळा बरी की सरकारी? हजीऱ्याच्या आपल्या वसाहतींत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांनी केव्हाच देऊन टाकले आहे. मुले खासगी इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसतात आणि गावातली जिल्हा पंचायतीची शाळा आपण फार तर मतदानाच्या दिवशी आतून पाहतो. माझ्या घरीही वेगळे काही घडले नाही. म्हणून आज जे बोलणार आहे, ते आधी स्वतःलाच उद्देशून आहे.

थोडे मागे जाऊ. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४०च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. इथल्या सरकारी गुजराती शाळेचे दुर्गाराम मेहताजी हे त्यांचे सहकारी. १८४४ साली या मंडळींनी सुरतेत मानवधर्म सभा काढली आणि जातिभेद, भुताखेतांवरचा विश्वास, विधवांचे हाल यांवर उघड बोलायला सुरुवात केली. सरकारी पगारावरच्या मास्तरांनी केलेले हे काम आहे.

आता दुसरी बाजू. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, ती सरकारी नव्हती. चिपळूणकर, टिळक, आगरकरांचे १८८०चे न्यू इंग्लिश स्कूलही नव्हते. मात्र स्वतः शाळा चालवलेल्या जोतीरावांनीच १८८२ साली हंटर आयोगापुढे मागणी केली, की प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे आणि त्याचा भार सरकारने उचलावा. खासगी प्रयत्न कितीही चांगला असला तरी तो प्रत्येक घरापर्यंत पोचत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदे संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. आपल्या शेजारचे नवसारी तेव्हा त्याच संस्थानात होते.

आजचे काय? खासगी शाळेतली मुले पुढे दिसतात, पण त्यांच्या घरात पुस्तके असतात, शिकलेले आईबाप असतात, शिकवणी असते. घराचा वाटा बाजूला काढून शाळेचा वाटा मोजायचा कसा? आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी तो मोजला. अर्ज केलेल्या कुटुंबांतून चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खासगी शाळेचा खर्च दिला आणि चार वर्षांनी सर्वांची परीक्षा घेतली. तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुले सारखीच निघाली. हिंदीत खासगी शाळेतली पुढे होती. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. म्हणजे फीमुळे गणित सुधारत नाही, आणि सरकारी पैसा खर्च होतो म्हणून शाळा आपोआप सुधारते असेही नाही.

मग शाळा कशाने सुधारते? माझ्या मते, तिला जाब विचारणाऱ्या माणसांनी. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आवश्यक केली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. विनाअनुदानित खासगी शाळेला हे कलम लागू नाही. जिथे आपण हजारोंनी फी भरतो तिथे कायद्याने आपल्याला खुर्ची नाही. जिथे ती आहे, तिथे बसतो तो पालक बहुधा रोजंदारीवर जाणारा; बैठकीला आला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. मुख्याध्यापकांपुढे निर्भयपणे बोलू शकणारी घरे आपली होती, आणि शाळा सोडताना मुलाबरोबर आपण तो आवाजही घेऊन गेलो. सरकारी शाळा ढासळल्या असे आपण म्हणतो तेव्हा या हिशेबात आपलेही नाव आहे.

भाषेचेही तसेच. सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांच्याही शाळा चालवते. लिंबायत–उधन्यातल्या खानदेशी कामगाराचे मूल तिथे मराठीत बाराखडी गिरवते. आपल्या व्याख्यानमालेला उद्या श्रोते हवे असतील, तर ते त्या वर्गांतूनही यायचे आहेत.

मुलांना उद्याच तिकडे घाला, असे मी म्हणणार नाही. ते ढोंग ठरेल. पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, खासगी शाळेला निकालाची टक्केवारी विचारू नये. कच्चे मूल वर्षभरात कुठून कुठे आले आणि गेल्या वर्षीचे किती शिक्षक टिकले, ते विचारावे. गुजरातच्या २०१२च्या नियमांत शाळेच्या मान्यतेसाठी मुलांच्या प्रगतीला ४० टक्के भार दिला होता. ही दृष्टी योग्य आहे. दुसरी, इथे बसलेल्या निवृत्त अभियंत्यांनी आणि शिक्षिकांनी मुख्याध्यापकांना विचारून आठवड्यातून एक तास गावच्या शाळेत गणित किंवा वाचन घ्यावे आणि तिथल्या पालकांशी ओळख करून घ्यावी. पुढच्या बैठकीत त्यांच्या शेजारी कोणीतरी बसलेले असेल.

शाळा बरी कोणती, याचे माझे उत्तर एवढेच: जिच्या दारात मोठी माणसे येऊन विचारपूस करतात ती. मी येत्या शनिवारपासून जाणार आहे. सोबत कोणी येणार असेल, तर सभा संपल्यावर मला जरूर भेटावे.