पाळीप्रमाणे सूर्यास्त

कॅरिबियन समुद्रात जमैका नावाचं बेट आहे आणि त्या बेटावर माँटेगो बे नावाचं शहर. संध्याकाळच्या बोटसफरीच्या जाहिरातींत हे शहर हमखास दिसतं. पांढरी शिडाची बोट, हातात रंगीत पेले घेतलेली माणसं आणि पाठीमागे बुडणारा सूर्य. या शहराचा अक्षांश साडेअठराच्या आसपास आहे. आपल्या पिंपरी-चिंचवडचा साडेअठराच्या किंचित वर, चाकणचा पावणेएकोणीस. नकाशावर चाकणच्या तळेगाव चौकातून पश्चिमेला सरळ रेघ ओढत निघा. सह्याद्री, अरबी समुद्र, अरबस्तान, सहारा आणि अख्खा अटलांटिक ओलांडून ती जमैकाच्या उत्तर किनाऱ्याजवळ पोचते. सूर्य क्षितिजाला ज्या तिरपेपणानं भिडतो, तो अक्षांशावर ठरतो. तेव्हा माँटेगो बेच्या पर्यटकाला ज्या कोनात सूर्य बुडताना दिसतो, त्याच कोनात तो आपल्या गच्चीवरून, टाक्यांच्या आणि मोबाइल टॉवरच्या मागे, बुडत असतो. सूर्यबिंबाची खालची कड टेकल्यापासून वरची कड नाहीशी होईपर्यंत सव्वादोन-अडीच मिनिटं. लंडनकरांना त्याला साडेतीन मिनिटं मिळतात. आपल्याकडे आणि जमैकात सूर्य घाईत असतो.

आपल्या पिढीला हा वेस्ट इंडीज भूगोलाच्या पुस्तकातून थोडा आणि क्रिकेटमधून पुष्कळ कळला. 1971 साली अजित वाडेकरांचा संघ तिथे मालिका जिंकून आला. सुनील गावसकरांच्या चार कसोट्यांतल्या 774 धावा सगळ्यांना पाठ असतात. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी किंग्स्टनला काढलेल्या 212 मात्र आठवून द्याव्या लागतात. आता प्राधिकरणातली, वाकडची मंडळी अमेरिकेतल्या मुलाकडे जातात, मुलगा त्यांना मोठ्या जहाजानं कॅरिबियन फिरवून आणतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर सूर्यास्ताचे व्हिडिओ येऊन पडतात. ते येतात पहाटे. जमैकात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेचार झालेले असतात. त्या वेळी व्हिडिओ लगेच पाहणारे असतात ते रात्रपाळीचे, चहाच्या सुट्टीत.

या बोटसफरी तिथे एवढ्या का फोफावल्या? जमैकापासून बार्बाडोसपर्यंत जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. त्यामुळे बेटांची पूर्वेची बाजू खवळलेली आणि पश्चिमेची बाजू आडोशाला, शांत. सूर्य बुडतो तोही पश्चिमेलाच. म्हणजे देखावा आणि शांत पाणी एकाच किनाऱ्यावर, निसर्गानंच जुळवून दिलेलं. आपल्या कोकणात उलट आहे. दुपार कलली की समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि संध्याकाळी, नेमक्या सूर्यास्ताच्या वेळी, लाटा किनाऱ्यावर चालून येत असतात. मतलई वारे सुटायचे ते रात्री. म्हणून आपल्याकडे संध्याकाळची हौसेची बोट भर समुद्रापेक्षा नदीच्या मुखात किंवा खाडीत बरी. तारकर्लीला कर्ली नदी आणि पणजीला मांडवी, ही ठिकाणं उगाच लोकप्रिय झालेली नाहीत.

मांडवीकडे वळण्याआधी थोडं थांबतो, कारण त्या कॅरिबियन बोटींवर वाजणारं एक वाद्य आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या माणसांनी ओळखून घ्यायला हवं. त्याला स्टीलपॅन म्हणतात. ते त्रिनिदाद बेटाचं. गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात तिथल्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी ते घडवलं. इंग्रज सरकारनं चामड्याच्या ढोलांवर बंदी घातली होती, म्हणून ती पोरं आधी बांबू आपटून ताल धरत. मग डबे, झाकणं, हाताला लागेल ते. पुढे महायुद्धात बेटावर अमेरिकेचा नाविक तळ आला आणि तेलाची रिकामी पिंपं चिक्कार झाली. दोनशे लिटरचं तेच पिंप, जे आज चाकणच्या प्रत्येक कारखान्याच्या मागच्या आवारात आडवं पडलेलं असतं. त्याचा तळ घणानं ठोकून ठोकून आत बसवायचा, वाटीसारखा खोलगट करायचा. मग पंचानं आखून त्यावर लहानमोठे भाग पाडायचे, पिंप कापायचं, जाळावर तापवायचं आणि शेवटी हातोडीच्या एकेका टिचकीनं प्रत्येक भागाला त्याचा सूर द्यायचा. मोठा भाग खालच्या पट्टीत, छोटा वरच्या. पत्र्यात ताण किती राहिला, जाडी कुठे कमी झाली, यावर सगळा खेळ. प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला यातला शब्द न् शब्द समजेल. पत्रा खोल ओढताना तो कुठे फाटतो हे त्याला माहीत असतं. त्रिनिदादच्या पोरांनी ते फाटू न देता गायला लावलं. आज ते त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य आहे. भोसरीच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्यानं रविवारी एक पिंप घेऊन बसावं असं मला फार वाटतं. शेजारी तक्रार करतील, पण त्रिनिदादमध्येही केलीच होती.

आता आपल्या संध्याकाळीबद्दल. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली 1954 साली, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. नंतर हा पट्टा नाशिक रस्त्यानं सरकत चाकणला गेला. या सगळ्या काळात इथली घड्याळं पाळीवर चालली. पहिली पाळी सुटते दुपारी साडेतीनच्या सुमारास. दुसरी तेव्हाच सुरू होते आणि मध्यरात्रीकडे सुटते. रात्रपाळीचा माणूस संध्याकाळी झोपेतून उठून डबा भरत असतो. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराला महिन्यातला एखादाच आठवडा असा मिळतो, की सूर्य मावळताना तो जागा आहे, बाहेर आहे आणि अंगात त्राण आहे. जनरल पाळीचा माणूस त्या वेळी कंपनीच्या बसमध्ये असतो. चाकणहून नाशिक फाट्याकडे येणाऱ्या बसमधे उजव्या हाताच्या खिडकीत सूर्य दिसतो. वाहतूक इतकी तुंबलेली असते की तो अगदी निवांत पाहता येतो. पण उजव्या बाजूचे सगळे पडदे ओढलेले असतात, कारण ऊन थेट डोळ्यांत येतं.

सुट्टीचं तर आणखी निराळं. विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी ठेवली गेली आणि ती सवय हाडीमाशी मुरली. बापाला गुरुवारी सुट्टी, पोरांच्या शाळेला रविवारी. बायको नोकरी करणारी असली तर तिचा तिसराच दिवस. घरातल्या चौघांना एकत्र मोकळी संध्याकाळ मिळणं हा पंचांगात नसलेला योग आहे.

म्हणून कंपनीची गोव्याची सहल निघते तेव्हा तिच्यात मांडवीची संध्याकाळची बोट असतेच असते. गोव्यात आणखी पाहण्यासारखं पुष्कळ असलं तरी ही बोट कुणी वगळत नाही. आमच्या शॉपमधली मंडळीही अशीच सहकुटुंब गेली होती आणि मीही त्यांच्यात होतो. मांडवी पुलाजवळच्या सांता मोनिका धक्क्यावर रांग. ऊन अजून पाण्यावर तळपत असतं. बोट सुटते, तासाभराची फेरी. डाव्या हाताला पणजीचा किनारा, आदिलशहाचा जुना वाडा, मग कांपाल, मिरामार. उजव्या हाताला बेती आणि रेईश मागूशचा छोटा देखणा किल्ला. मधे कॅसिनोंची जहाजं नांगरून बसलेली. पुढे एका बाजूला आग्वाद आणि दुसऱ्या बाजूला काबोचं टोक, आणि त्या दोहोंच्या मधे समुद्र उघडतो. आग्वादचा किल्ला पोर्तुगिजांनी 1612 मधे पुरा केला, तिथलं दीपगृह 1864 चं. बोट मुखापाशी जाऊन वळते, पलीकडे जात नाही. का ते वर सांगितलंच.

वरच्या डेकवर तोपर्यंत कार्यक्रम रंगात आलेला असतो. आधी देखणी, फुगडी, मग पोर्तुगीज वळणाचं कोर्रिदिन्हो. त्यानंतर माइकवाला प्रेक्षकांना बोलावतो. आधी मुलं, मग जोडपी, मग फक्त बायका, मग फक्त पुरुष. सूर्य खाली येत असतो आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं. आमच्यातले एक मेंटेनन्सवाले काका, ज्यांना बावीस वर्षांत कुणी हसताना पाहिलं नव्हतं अशी दंतकथा, ते जोडप्यांच्या फेरीत काकूंना घेऊन उभे राहिले. काकू "अहो, नको ना" म्हणत होत्या आणि नाचतही होत्या. सूर्य नेमका कधी गेला हे मला तरी सांगता येणार नाही.

या बोटींची चेष्टा करणारे रसिक मला ठाऊक आहेत. कर्कश गाणी, गर्दी, निसर्गाचा अपमान, वगैरे. त्यांचं म्हणणं कानांपुरतं खरं आहे. आवाज निम्म्यावर आणला तर काही बिघडणार नाही. पण तिकीट काढणारा माणूस सूर्य पाहायला आलेलाच नसतो. उजेड असताना, घरची माणसं शेजारी असताना, भोंगा वाजणार नाही याची खात्री असताना एक तास बसता येतं, ते घ्यायला तो आलेला असतो. सूर्य हे त्या तासाचं निमित्त. जमैकाच्या बोटीवरच्या अमेरिकन कामगाराचंही फार निराळं असेल असं मला वाटत नाही. त्यानं फक्त विमानाचे पैसे जास्त भरले.

मग आपल्याकडे तीन-तीन नद्या असताना गोव्याला का जावं? पवना शहराच्या मधून जाते. मुळा आणि इंद्रायणी दोन बाजूंनी. पण उन्हाळ्यात जलपर्णी नदीचं पात्र झाकून टाकते आणि आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण सगळ्यांनी पाहिलाय. जलपर्णीला वाढायला सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद लागतं, आणि ते आपण मुबलक पुरवतो. थेरगावला केजुदेवी बंधाऱ्याजवळ बोट क्लब आहे. बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी, घाट, झाडं, सगळी मांडणी सुरेख. नदी शुद्ध असेल तर तिथली संध्याकाळ मांडवीला हार जाणार नाही. यंत्राच्या तेलाचा एक थेंब जमिनीवर सांडला तर शॉप फ्लोअरवर आपण ऑडिटला घाबरतो. नदीचं ऑडिट मात्र डासांवर सोपवलंय.

राहिलं धरण. पवना जलाशय पिंपरीहून दीड-दोन तासांवर. चहूबाजूंना लोहगड, तुंग, तिकोना. तिथे सूर्य डोंगराआड जातो, म्हणून पंचांगातल्या वेळेच्या आधीच बुडतो, आणि मग वीस-बावीस मिनिटं आकाश आणि पाणी उजळलेलं राहतं. तो उजेड सूर्यास्तापेक्षा मला जास्त आवडतो. या पाण्यावर हौसेनं जाताना एवढं माहीत असावं की हेच पाणी नदीतून रावेतला येतं आणि आपल्या नळाला सुटतं. ते बंद नळानं शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी रस्त्यावर उतरले. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि तिघांचा जीव गेला. तळ्याकाठच्या तंबूत गिटार वाजवणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं, एवढंच.

जाणार असाल तर पहिल्या पाळीच्या आठवड्यातला दिवस धरा. नोव्हेंबर अखेरीस सूर्य सहाच्या आतबाहेर मावळतो आणि डोंगराआड त्याहून आधी, तेव्हा साडेतीनला गेटबाहेर पडून ते गाठणं कठीण. मार्च-एप्रिलमधे तो साडेसहाच्या पुढे जातो, तेव्हा सहज जमतं. बोट नोंदणीची आहे का विचारा. जीवरक्षक जॅकेट मागून घ्या, लहान मुलांच्या मापाचं वेगळं मागा आणि बंद नीट आवळा. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, त्यानंतर मुंबईत जॅकेटचा आग्रह वाढला. आपल्या धरणांवर तो आपणच धरायचा. नावाडी "कशाला, एवढ्याशा पाण्यात" म्हणेल. त्याला पोहता येतं. जॅकेट नसेल तर काठावर बसा, मका भाजून मिळतो.