सुट्टी, घरापासून पाचशे पावलांवर

तीस वर्षं लष्करात होतो, आता वडोदऱ्यात राहतो. आज सीमेवरच्या गोष्टी सांगणार नाही. मला बोलायचं आहे लहान मुलांच्या, म्हणजे चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या, उन्हाळी सुट्टीबद्दल.

आधी एक कबुली देतो. माझी मुलगी लहान असताना तिच्या बहुतेक सुट्ट्यांत मी घरी नव्हतो. त्यामुळे नात सहा वर्षांची झाली आणि सुट्टी लागली, तेव्हा मी उत्साहानं तिला एका शिबिरात घातलं. दहा दिवसांचे साडेचार हजार रुपये. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बेनचा मुलगा तिच्याच वयाचा. आईचं काम होईपर्यंत तो जिन्यात मोबाइल घेऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी नातीनं विचारलं, "आजोबा, तो का नाही येत?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिला सांगायची लाज वाटली.

त्याच आठवड्यात ठरवलं, की सोसायटीतच काहीतरी सुरू करायचं. पैसे घ्यायचे नाहीत आणि कोणालाही अडवायचं नाही.

पहिल्या दिवशी अकरा मुलं आली. मी काय केलं असेल? सकाळी सहाला शिट्टी, रांग, कवायत! चौथ्या दिवशी दोनच मुलं उरली, त्यातली एक माझी नात. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही शिट्टी घरी ठेवा ना." मी ती कपाटात ठेवली. खरं काम तिथून सुरू झालं.

आता काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

पहिलं, पावलांचा नकाशा. फाटकापासून कडुनिंबापर्यंत किती पावलं? माझी चाळीस, नातीची ब्याऐंशी. का बरं? मुलं स्वतःच भांडून उत्तर शोधतात. मग खडूनं जमिनीवर नकाशा काढायचा. फाटकापासून पाचशे पावलं ही आमची हद्द. त्यात तीन प्रकारची झाडं, एक शिंपी, एक इस्त्रीवाला आणि एक पोस्टाची पेटी सापडली. रोज एकाच ठिकाणी जायचं. इस्त्रीवाल्यानं मुलांना कोळशाची इस्त्री लांबून दाखवली, त्याची चर्चा दोन दिवस चालली.

दुसरं, झाडं आणि पक्षी. झाडाच्या बुंध्याला कवेत घ्यायला किती मुलं लागतात ते मोजायचं. मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवायचं आणि कोण पिऊन जातं ते पाहायचं. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास होतात. ते काम बेनच्या मुलानं घेतलं आणि एकही दिवस चुकवलं नाही.

तिसरं, खेळ आणि गोष्टी. आम्ही ज्याला लगोरी म्हणतो, त्याला इथली मुलं सतोडियुं म्हणतात. सात चपटे दगड आणि एक जुना चेंडू, झालं सामान. संध्याकाळी एक आजी गुजरातीत गोष्ट सांगायच्या, दुसऱ्या तमिळमध्ये. तमिळ कोणालाच कळत नव्हतं, पण त्या राक्षसाचा आवाज असा काढायच्या, की सगळ्यात जास्त गर्दी त्यांच्याकडेच.

चौथं, पुस्तकं. वडोदऱ्यात हे सांगताना सयाजीराव महाराजांची आठवण येणारच. 1910 साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला इथं आणलं आणि संस्थानात मोफत ग्रंथालयांची चळवळ उभी केली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती गावोगाव पाठवली जायची. आम्ही त्यांची नक्कल केली. जिन्याखाली एक खोका ठेवला आणि घराघरातून जुनी पुस्तकं मागितली. पुस्तक न्यायचं, वाचायचं, परत ठेवायचं. वहीत नोंद नाही, दंडही नाही.

पाचवं माझं आवडतं, सावलीची काठी. अंगणात काठी सरळ रोवा. सावलीच्या टोकाला खडा ठेवा. वीस मिनिटांनी नव्या टोकाला दुसरा खडा. दोन्ही जोडणारी रेघ साधारण पश्चिम-पूर्व असते, पहिला खडा पश्चिमेचा. आम्ही लष्करात होकायंत्र नसताना हेच करायचो.

आणि कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांना वर्षातून दोनदा एक बक्षीस मिळतं. भरदुपारी काठीची सावलीच नाहीशी होते. पुण्या-मुंबईत हा दिवस मेच्या मध्याला येतो, बेंगळुरूत एप्रिलच्या अखेरीस, वडोदऱ्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात. दिल्ली आणि ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथं तो येत नाही. पण सावली रोज किती आखूड होते ते तिथंही मोजता येतं.

नियम आमचे चारच. सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी सहानंतर, मधल्या उन्हात कोणी बाहेर नाही. प्रत्येकाकडे पाण्याची बाटली आणि टोपी. कायम दोन मोठी माणसं हजर. आणि एका दिवशी एकच कार्यक्रम. मुलांना कंटाळा आला तर येऊ द्या. त्या कंटाळ्यातूनच त्यांनी दोन खेळ शोधले, मला त्यातला एकही कळलेला नाही.

जूनमध्ये आम्ही सावली हरवताना पाहिली. तेवढ्यापुरता उन्हाचा नियम मोडला, साडेबाराच्या सुमारास पाच मिनिटं, टोप्या घालून. सावली काठीच्या बुडाशी गेली आणि दिसेनाशी झाली. बेनचा मुलगा खाली वाकून शोधत राहिला. मग धावत जाऊन आईला हात धरून घेऊन आला. तिनं पाहिलं, हसली, आणि मला म्हणाली, "साहेब, उद्या दोन मोठ्यांपैकी एक मी थांबेन."

मुलीच्या सुट्ट्या मला परत मिळणार नाहीत. पण तुमच्या घरातल्या मुलांची सुट्टी अजून शिल्लक आहे. उद्या सकाळी एक काठी घेऊन खाली उतरा, आणि जिन्यात कोणी एकटं बसलं असेल तर त्यालाही हाक मारा.