वारा, लाट आणि प्रवाह : एकत्र हिशेबाची गरज



वादळी समुद्रावरची परिषद पुण्यातल्या धायरीत भरते याचे बाहेरच्यांना नवल वाटेल, आपल्याला वाटू नये. सिंहगड रस्त्याने थोडे पुढे गेले की खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था लागते. १९१६ साली सुरू झालेल्या या संस्थेत बंदरांच्या लहान प्रतिकृती उभारून त्यांच्यावर लाटा सोडल्या जातात, मग प्रत्यक्ष बंधाऱ्याचा आराखडा ठरतो. पाषाणला उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था आहे. समुद्र घाटापलीकडे असला तरी त्याचे गणित या शहरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

त्या गणिताबद्दलच मला आज बोलायचे आहे. वाऱ्याचे मॉडेल एकाने चालवायचे, त्यातला वारा दुसऱ्याने लाटांच्या मॉडेलला द्यायचा आणि तिसऱ्याने त्याच वाऱ्यावर प्रवाह व पाण्याची फुगी काढायची, ही आपली जुनी पद्धत. चक्रीवादळात ती अपुरी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

वारा पाण्याला किती ओढतो, हे पाण्याच्या खडबडीतपणावर ठरते आणि तो खडबडीतपणा वाऱ्यानेच उठवलेल्या लाटांचा असतो. नव्या, आखूड, उभ्या लाटा वाऱ्याचा जोर जास्त घेतात. दुरून आलेली लांब लाट कमी घेते. लाटेने घेतलेला जोर ती फुटते तेव्हा प्रवाहाला मिळतो. पूर्वी आपण धरून चाललो होतो की वारा वाढेल तशी ही ओढ वाढतच जाईल. २००३ साली संशोधक पॉवेल आणि सहकाऱ्यांनी विमानातून वादळात सोडलेल्या उपकरणांची मोजमापे मांडली. सेकंदाला सुमारे ३३ मीटर, म्हणजे ताशी १२० किलोमीटरच्या आसपास, वारा पोचला की ओढीच्या गुणांकाची वाढ थांबते असे त्यांतून दिसले. फेस आणि तुषार यांनी पृष्ठभागाचे रूपच पालटलेले असते.

हा आकडा आपल्या दाराशी आलेला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. अशा वेळी फुगीचा आकडा भरतीच्या आकड्यावर चढवून बेरीज केली की काम झाले, असे मानणे धोक्याचे आहे. उथळ पाण्यात भरतीने खोली बदलते, खोलीने लाट कुठे फुटणार ते बदलते, आणि फुटणारी लाट काठाशी आणखी पाणी चढवते.

पुढच्याच वर्षी तौक्ते वादळ आले, त्याहून कितीतरी जोरकस. ते किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले आणि मुंबई व तिच्यासमोरचा समुद्र त्याच्या उजव्या अंगाला राहिला. उत्तर गोलार्धात पुढे सरकणाऱ्या वादळाची ही बाजू सर्वांत वाईट. तिथे वाऱ्याची आणि वादळाची दिशा जुळते, लाट वादळासोबतच धावते आणि वाऱ्याखाली जास्त वेळ राहून वाढत जाते. १७ मे २०२१ रोजी पी-३०५ हा बार्ज तिथेच बुडाला आणि साठाहून अधिक माणसे गेली. या परिषदेतल्या प्रत्येक समीकरणामागे ती माणसे आहेत, हे मला मोठ्याने सांगायचे आहे.

त्याच उजव्या अंगाला समुद्रही जास्त ढवळला जातो. खालचे थंड पाणी वर येते आणि वादळाचे इंधन कमी होते. समुद्राचे तापमान स्थिर धरणारे मॉडेल म्हणूनच वादळाला नको तितके बळ देऊ शकते. अरबी समुद्र तापत असताना, उबदार थर किती खोल आहे हे मॉडेलला कळलेच पाहिजे.

खाडीच्या मुखाशी तर वारा, लाट आणि प्रवाह हे तिघे एकमेकांना भिडतात. ओहोटीचा ओढा बाहेर जात असतो, लाट आत येत असते. ती आखूड होते, उभी राहते, फुटते. तांडेलाला हे ठाऊक असते. आपल्या इशाऱ्यात मात्र मुख्यतः खोल समुद्रातल्या लाटेची उंची असते, आणि आसऱ्यासाठी परतणारी होडी उलटण्याचा धोका त्या मुखाशीच असतो.

वारा, लाट आणि प्रवाह एकत्र सोडवणारे जोडमॉडेल चालवायला संगणक आता आपल्याकडे आहेत. उणीव मोजमापांची आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आले, तेव्हा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या भरतीमापकांनी पश्चिम किनाऱ्यावरची फुगी टिपली, म्हणून तिचा अभ्यास होऊ शकला. कोकणातल्या प्रत्येक मोठ्या खाडीच्या मुखाशी भरतीमापक, लाटमापक आणि प्रवाहमापक एकत्र हवेत आणि त्यांच्या नोंदी विद्यार्थ्यांना खुल्या हव्यात. निसर्ग आणि तौक्ते ही दोन्ही वादळे जोडून आणि सुटी, अशा दोन्ही पद्धतींनी पुन्हा चालवावीत आणि फरक कुठे किती पडला ते छापावे. बंदरासाठीच्या इशाऱ्यात खाडीमुखाची स्थिती भरती-ओहोटीच्या वेळांसह मराठीत द्यावी. उद्या दुपारच्या सत्रात ठराव येतील. हे तिन्ही मुद्दे त्यांत घ्यावेत, अशी अध्यक्ष म्हणून माझी सूचना आहे.