दिवेलागणीची वेळ

(दिंडीच्या शतक महोत्सवात केलेले भाषण)

राम कृष्ण हरी.

वीणेकरी महाराज, टाळकरी, मृदंगवाले, पताकावाले, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या माय-माउल्या आणि गावची लहानथोर मंडळी, सगळ्यांच्या पायांवर डोकं ठेवून दोन शब्द बोलतो. आमचं शिक्षण चौथी. कीर्तनात आम्ही संतांचं सांगतो, त्यांच्या आधारानं दोन तास निघून जातात. आज मंडळी म्हणाली, महाराज, आज तुमचं स्वतःचं सांगा. दारू कशी सुटली ते सांगा, तरणी पोरं ऐकायला बसलीत. म्हणून उभे राहिलो. यात लपवण्यासारखं काही नाही. गावाला सगळं ठाऊकच आहे.

दारू आम्हाला कुणी पाजली नाही. आम्हीच प्यालो. नीरेच्या कालव्याचं पाणी होतं, ऊस चांगला यायचा. उसाचं बिल आलं की आधी गुत्त्याची उधारी, मग सोसायटी, उरलं तर घर. असं करता करता दावणीचा एक खिलारी बैल बाजारात गेला. पण खरी लाज बैलाची नाही.

आम्ही तेव्हा दिंडीत मृदंग वाजवत होतो. गळ्यात माळ नव्हती, पण हात बरा होता म्हणून मंडळी चालवून घ्यायची. सप्त्यात, काल्याच्या आदल्या रात्री, आम्ही पिऊन कीर्तनाला बसलो. धुमेला कणीक लावतानाच हात थरथरत होता. कीर्तन रंगात आलं आणि आमची सम चुकली. एकदा नव्हे, तीनदा. महाराज थांबले. सगळा मांडव आमच्याकडे बघायला लागला. वीणेकरी बाबांनी नुसती मान हलवली, तशी एका पोरानं मृदंग आमच्या मांडीवरून उचलून नेला. कुणी शिवी दिली नाही. आमची आई बायकांत बसली होती. ती उठली, पदर तोंडाला लावला आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी काल्याच्या प्रसादालाही आली नाही. शिवी विसरता येते मंडळी, आई उठून गेलेली विसरता येत नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांकडे गेलो. म्हटलं, "बाबा, माळ घाला, म्हंजे सुटंल."

बाबा म्हणाले, "माळ म्हंजे काय कुलूप हाय व्हय रं? आधी सांग, तू पितोस कवा?"

"दिवेलागणीला."

"मग दिवेलागणीला देवळात यायचं, हरिपाठाला. बाकीचा दिवस तुझा तू बघ."

तेव्हा वाटलं, हा काय उपाय झाला! आज कळतं. दिवसभर औत, दारं धरणं, वैरण, यात माणसाला सवड नसते. सूर्य कलला, हातपाय धुतले की दोन वाटा फुटतात. गुत्त्याची वेळ आणि हरिपाठाची वेळ एकच. ती पाऊण तासाची वेळ रिकामी राहिली की पाय आपोआप जुन्या वाटेनं जातात. बाबांनी दारू काढून घेतली नाही. त्यांनी वेळ भरून दिली.

एक गोष्ट पोरांसाठी सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी बंद केली तर हात कापतात, घाम फुटतो, झोप लागत नाही, नाही नाही ते दिसायला लागतं. काहींना झटके येतात, जिवावरसुद्धा बेततं. आम्हालाही भास झाले. मेव्हण्यानं दवाखान्यात नेलं, चार दिवस ठेवलं. तेव्हा नुसत्या अंगाऱ्यावर राहू नका, डॉक्टरला दाखवा. देव त्याला नको म्हणत नाही.

त्या साली आळंदीहून पायी निघालो. मृदंग मिळाला नाही. तंबूचे खांब रोवायचे आणि पाण्याची घागर वाहायची, हे काम. संध्याकाळी तळावर समाजआरतीला चोपदारांनी दंड वर केला की लाखाची गर्दी गप्प होते. मग कुणाचं काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात. कुणाची पिशवी, कुणाचं म्हातारं माणूस. आम्ही मागं उभे राहून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, आमचं हरवलंय ते कुणाच्या तोंडून पुकारावं? वेळ तीच, दिवेलागणीची. पण भोवती माणसं होती आणि हातात काम होतं. पंढरपुरात एकादशीला बाबांनी माळ घातली.

इथं संपलं असतं तर गोड झालं असतं. पण दोन वर्षांनी उसाचं बिल आलं, जुने सोबती भेटले. आम्ही काय केलं? घरी आलो, माळ काढून खुंटीला टांगली आणि गेलो. वाटलं, माळ घालून पीत नाही म्हणजे नेम मोडत नाही! दारू प्यालेला माणूस देवाशीसुद्धा वकिली करतो.

रात्री परत आलो, जेवायला बसलो. मंडळीनं ताट वाढलं नाही. भांडली नाही, रडली नाही. खुंटीकडे बोट केलं आणि म्हणाली, "गळ्यात माळ न्हाई, मग घास कसा उतरंल?" माळकऱ्याची माळ तुटली तर ओवून घालेपर्यंत तो अन्नाला शिवत नाही, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. ती स्वतःही जेवली नाही. पोरं मात्र जेवून निजली होती. ती रात्र आम्ही ओट्यावर काढली.

सकाळी आंघोळ करून बाबांकडे गेलो, झालं ते सांगितलं. बाबांनी माळ परत घातली. म्हणाले, "तुटली तर ववता येती. लपीवली तर काय करायचं?"

त्याला यंदा 27 वर्षं झाली. मृदंग परत मिळाला, पुढं कीर्तनाला उभं राहायची पायरी मिळाली. पण सुटली असं आम्ही अजून म्हणत नाही. आजची टळली, इतकंच म्हणतो. उसाचं बिल आलं की आजही पैसे आधी मंडळीच्या हातात देतो. लग्नाच्या वरातीत थांबत नाही. आणि कीर्तनात नामाचं सांगताना समोर जुने सोबती बसलेले दिसतात. त्यांच्यापुढं खोटं बोलता येत नाही, हाही एक धाकच आहे.

त्या सोबत्यांतले दोघे आता नाहीत. एकाच्या पोराला आम्ही ताल शिकवतो.

पोरांनो, तुम्हाला उपदेश करायला आम्ही मोठे नाही. एवढंच सांगतो, उद्या दिवेलागणीला देऊळ उघडं असेल. माळ नसली तरी या. प्यालेले असलात तरी या, मागं बसा. आम्हीही तिथूनच सुरुवात केली. आमच्या शेजारी सतरंजी पसरलेली असते, टाळही जास्तीचे ठेवलेत.

चुकलंमाकलं पदरात घ्या.

राम कृष्ण हरी.