गाडी दम का खाते?

माझी नोकरी फौजेच्या गाड्यांमध्ये गेली, त्यामुळे लोक मला प्रश्नही गाड्यांचेच विचारतात. आजचा प्रश्न असा: झकास ॲव्हरेज देणारी लीन-बर्न गाडी ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर दम का खाते?

१ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. लीन-बर्न इंजिन हलक्या पायाने, एकसारख्या वेगात चालताना हवेचा आकडा २० च्या पुढे नेतं. अमेरिकेत १९९२ साली आलेली होंडा सिव्हिक व्हीएक्स २२ च्या आसपास जायची. इतकं पातळ मिश्रण सहजी पेटत नाही. म्हणून होंडाने कमी वेगात दोनपैकी एक इनटेक व्हॉल्व्ह नावापुरताच उघडला आणि आत येणारं मिश्रण भोवऱ्यासारखं फिरवलं.

आता तुम्ही पाय दाबता. हवा लगेच आत घुसते. पेट्रोल मागे पडतं, कारण त्यातलं थोडं वाटेतल्या भिंतींना चिकटतं. मिश्रण क्षणभर आणखी पातळ होतं. साध्या इंजिनात १४.७ चे १६ झाले तरी ठिणगी निभावून नेते. इथे आपण आधीच कड्यावर उभे! ठिणगी पडते, पेट घेत नाही. तोच गचका. मग कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि गाडी निघते.

फौजेत गाडी अडली की आधी पाना उचलत नाहीत, आधी विचारतात: कधी अडली? इथेही तेच करा. इंजिन थंड असताना लीन-बर्न चालूच होत नाही. तेव्हाही गचके बसत असतील तर दोष दुसरीकडे आहे. पूर्ण पाय दाबल्यावरच गाडी मरत असेल तर पेट्रोल फिल्टर, पंप बघा, कारण तिथे मिश्रण दाटच असतं. गरम इंजिन, हलका पाय आणि गचका, असं असेल तर मात्र प्लग, प्लगच्या वायरी, कुठे हवा गळते का, आणि ऑक्सिजन सेन्सर. झिजलेला प्लग साधं इंजिन पोटात घालतं, हे इंजिन घालत नाही.

दोन पदरी रस्त्यावर समोरून ट्रक येत असताना हा अर्धा सेकंद महाग पडतो. ओव्हरटेकला बाहेर पडण्याआधीच गिअर खाली घ्या, इंजिन दाट मिश्रणावर येऊ द्या.

आणखी एक. थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला १४.७ च्या आसपासच नीट काम करता येतं. पातळ मिश्रणात नायट्रोजनचे ऑक्साइड त्याच्या हातून सुटतात. प्रदूषणाचे नियम कडक झाले तशा या गाड्या मागे पडल्या. तेव्हा तुमच्या आजच्या साध्या पेट्रोल गाडीला गचके बसताहेत आणि गॅरेजवाला म्हणतोय, “साहेब, ॲव्हरेजची गाडी आहे, असं होणारच,” तर त्याला म्हणा, आधी प्लग काढून दाखव.